ओरिजिनल टायरची वरात



या खेपेला शाळेतल्या आठवणी नाहीत, बिबट्या नाही, कांद्याचे भावही नाहीत. या खेपेला टायर आहे. हसू नका. सत्तरी ओलांडलेल्या मराठीच्या मास्तराने टायरवर लिहायची वेळ का आली ते आधी सांगतो, मग भांडतो.

गेल्या वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीच्या नातवाचे लग्न झाले. हल्लीच्या नवरदेवांना घोडा नको असतो, त्यामुळे पुण्याहून एक जुनी उघडी मोटार भाड्याने ठरवली होती. एम.जी. कंपनीची टी.डी., दोन माणसांची स्पोर्ट्स कार, १९५१ सालची. टेम्पोवर चढवून आळेफाट्यापर्यंत आणली, तिथे उतरवली आणि तिथून राजुरीपर्यंत नवरदेवाला शेजारी बसवून मालक स्वतः चालवत निघाले. कल्याण-नगर रस्ता, दुपारची वेळ, डांबर तापलेले. गाव जवळ आले आणि पुढचा डावा टायर फुटला. नुसता फुटला नाही, त्याची सालपटे निघाली. वरचा पट्टा एकीकडे, आतले धागे एकीकडे. गाडी डावीकडे ओढली गेली, साइडपट्टीच्या खाली उतरली आणि एका बाभळीच्या हातभर अलीकडे थांबली. नवरदेवाचा फेटा उडाला, मालकांच्या हाताला खरचटले. एवढ्यावर निभावले.

मी मागच्या जीपमध्ये होतो, सगळे डोळ्यांनी पाहिले. टायर डावा होता म्हणून ओढ रस्त्याबाहेर बसली. उजवा असता तर गाडी समोरून येणाऱ्या दुधाच्या मोटारसायकलवर गेली असती. त्या मोटारसायकलवर मागे कॅन होते आणि पुढे टाकीवर एक चार-पाच वर्षांचे पोर बसले होते. ते पोर मला अजून दिसते.

घाम पुसून झाल्यावर मी मालकांना विचारले, "अहो साहेब, टायर केव्हाचे आहेत हे?"

मालक अभिमानाने म्हणाले, "गुरुजी, ओरिजिनल आहेत. गाडी वडिलांनी घेतली तेव्हापासूनचे. नक्षी बघा किती शिल्लक आहे. असे टायर आता मिळत नाहीत."

"नवे अजिबात मिळत नाहीत?"

"बाहेरच्या देशात बनवतात, पण ते ड्युप्लिकेट. या गाडीला ड्युप्लिकेट लावायचे म्हणजे पाप."

मी त्या फुटक्या टायरची साइडवॉल हाताने पुसली. पॉलिश मारून काळीभोर केली होती, पण पॉलिशखाली उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा. शेवटी कोपऱ्यात तीन आकडे होते. चार नव्हे, तीन. इथेच माझ्यातला मास्तर जागा झाला. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडे असतात: पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. तीन आकडे म्हणजे टायर गेल्या शतकातला. ज्या पोराचे लग्न होते त्याच्यापेक्षा टायर वयाने मोठा होता.

आता भांडण.

मालक ज्याला ड्युप्लिकेट म्हणाले ती वस्तू नेमकी काय असते? जुन्या मोटारींचे टायर चौकडीच्या धाग्यांचे असत, म्हणजे क्रॉस-प्लाय. उंच, अरुंद, खांद्याशी गोल. एम.जी. टी.डी.चे माप ५.५०-१५, तिच्या आधीच्या टी.सी.चे ४.५०-१९, आपल्या फियाटचे ५.२०-१४, अँबेसिडरचे ५.९०-१५. पुढे रेडियल आले, गाड्यांची चाके बदलली, आणि मोठ्या कंपन्यांनी ही मापे एकेक करून सोडली. पण जुन्या गाड्या राहिल्याच. तेव्हा अमेरिकेत टेनेसी राज्यात हॅरॉल्ड कोकर नावाच्या गृहस्थांनी १९५८ मध्ये टायरचे दुकान काढले आणि त्यातून पुढे जुन्या मापांचे टायर बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. जुने साचे मिळवायचे, जुन्या नावाचा परवाना घ्यायचा, नक्षी तीच ठेवायची, भिंतीवरची अक्षरेही तीच, पण रबर आजचे. इटलीच्या पिरेलीने तर स्वतःच्याच संग्रहातली जुनी रेखाटने काढून जुने 'चिंतुरातो' पुन्हा बनवायला घेतले. १९२७ सालचा त्यांचा 'स्टेला बियांका'सुद्धा नव्याने आला. मिशलिनही आपल्या जुन्या मापांचे टायर बनवते. ज्या कंपनीने मूळ टायर केला तीच कंपनी त्याच रेखाटनावरून तोच टायर पुन्हा करते, आणि आमचे साहेब म्हणतात ड्युप्लिकेट!

मुळात टायर ही जपून ठेवण्याची वस्तू नाही. रबराच्या लांबच लांब साखळ्यांना गंधकाचे टाके घातले की तो लवचीक आणि टिकाऊ होतो. हे चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये शोधले, सातवी-आठवीच्या विज्ञानात येते. पण हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्या साखळ्यांवर रात्रंदिवस काम करत असतात. उष्णता असेल तर जास्तच. रबर कडक होतो, चिरतो, आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटते. आणि गंमत अशी की नुसत्या उभ्या गाडीचा टायर काही बाबतींत चालत्या गाडीपेक्षा वाईट. टायरमध्ये मिसळलेले मेण आणि रक्षक रसायने तो दबत-उठत राहिला की पृष्ठभागावर येतात, उभा राहिला की येत नाहीत. म्हणजे "वर्षात दोनदाच बाहेर काढतो हो" हे सांगणे ही तारीफ नव्हे, तक्रार आहे. विश्वास बसत नसेल तर घरातल्या कपाटात दहा वर्षांपूर्वी कागदांना लावलेले रबर बँड ताणून बघा. मी शाळेचे जुने हजेरीपट सोडताना बघितले आहे. रबर ताणायच्या आधीच तुटतो आणि अर्धा कागदाला चिकटून बसतो. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, हे दात पांढरे आहेत म्हणून म्हातारा तरुण म्हटल्यासारखे झाले. (माझे दात नवे आहेत. ड्युप्लिकेट.)

लिव्हरपूलच्या फ्रान्सिस मॉलॉय या बाईंची गोष्ट सगळ्या गाडीमालकांना वाचून दाखवावी अशी आहे. २०१२ च्या सप्टेंबरात त्यांचा मुलगा मायकेल एका संगीत महोत्सवाहून बसने परत येत होता. बसचा पुढचा टायर फुटला, बस झाडावर गेली, तिघे गेले. मायकेल १८ वर्षांचा. टायर १९ वर्षांहून जुना. नक्षी कायद्याला पुरेल एवढी होती आणि वयाबद्दल कायदा गप्प होता. त्या माउलीने मग वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावले आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक, बस यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर लावणे बेकायदा ठरले. स्पोर्ट्स कारचे उदाहरण हवे? २०१३ च्या नोव्हेंबरात सिनेनट पॉल वॉकर ज्या पोर्शेत गेले तिच्या अपघाताचे मुख्य कारण चौकशीत अतिवेग हेच निघाले, पण टायर नऊ वर्षे जुने होते याचीही नोंद झाली. तिथे नऊ वर्षांची नोंद होते. इथे पंचवीस-तीस वर्षांच्या टायरची वरात निघते.

"पण मग ओरिजिनल काय राहिले?" हा प्रश्न मला त्या दिवशी मांडवात तिघांनी विचारला, त्यात आमचे धाकटे मेहुणे होते. त्यांना तिथे उत्तर देता आले नाही, कारण पंगत बसली होती. इथे देतो.

दाजी, तुमच्या वडिलांची बैलगाडी आठवते? लाकडी चाकाची. तुंबा, आरे, पाटे आणि सगळ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव. उन्हाळ्यात लाकूड सुकले की धाव ढिली व्हायची. मग सुतार आणि लोहार मिळून गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल करायचे, चाकावर बसवायचे, वरून पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठायचा आणि आम्ही पोरे लांबून बघायचो. धाव झिजली तर नवी केली जायची. नवी धाव बसली म्हणून गाडी ड्युप्लिकेट झाली असे तुमचे वडील कधी म्हणाले? उलट ढिल्या धावेने गाडी जुंपली असती तर त्यांनी गड्याला चाबकाने बडवला असता. टायर म्हणजे मोटारीची धाव. तिचे कामच झिजणे आणि बदलले जाणे. लांब कशाला, आपल्या घाटातल्या शर्यती २०१४ च्या निकालाने बंद पडल्या आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाल्या. मधल्या सात वर्षांत जुने गाडे कुणाच्या गोठ्यात सडले, कुणी मोडून जाळले. पुन्हा घाटात जे उतरले त्यांतले कितीतरी नव्या लाकडाचे. ते खोटे, असे एकाने तरी म्हटले?

माझ्या विषयातले सांगतो. आपल्या शेजारी आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे, पण ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आपल्यापाशी नाही. शके १२१२ मध्ये ग्रंथ झाला, पुढे तीनशे वर्षे लोक नकलून घेत राहिले, चुका साचत गेल्या, तेव्हा एकनाथ महाराजांनी १५८४ मध्ये प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. आपण जे वाचतो ते प्रतीवरून केलेल्या प्रतीचे छापील पुस्तक. तरी ती ज्ञानेश्वरीच. ओवी तीच असली की झाले, कागद कितवा हे कोण विचारतो? मात्र चुकीचा पाठ भरला तर वाद घालायलाच हवा, आणि तिथे मी जुन्याच्या बाजूचा.

कारण दुसऱ्या टोकालाही एक जमात आहे. ती म्हणते, गोल आहे ना, रिमवर बसतेय ना, मग लावा. जुन्या स्पोर्ट्स कारला नव्या गाडीचे रुंद रेडियल ठोकतात. तिची स्टिअरिंग, स्प्रिंगा, चाके क्रॉस-प्लायचा स्वभाव धरून बनवलेली असतात. क्रॉस-प्लाय वळणावर हळूहळू सुटतो, आधी सांगून सुटतो. रेडियल घट्ट धरून ठेवतो आणि सुटला की एकदम. जास्त पकडीचा ताण जुन्या चाकांवर आणि हबवर येतो, स्टिअरिंग जड होते. योग्य मापाचा अरुंद रेडियल काही गाड्यांना चालतो, नाही असे नाही, पण एकाच ॲक्सलवर एक रेडियल आणि एक क्रॉस-प्लाय लावणारे महाभाग मी आळेफाट्याला पाहिले आहेत. आपल्याकडचा आणखी एक प्रकार: जुन्या जीपचे माप ६.००-१६, आणि ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही ६.००-१६. मग काय, ट्रॅक्टरचा टायर जीपला! बसतो चपखल. पण ट्रॅक्टरचा टायर ताशी तीस-चाळीस किलोमीटरच्या हिशेबाने केलेला असतो, आणि जीप हायवेला लागली की साठ-सत्तरने पळते. माप जुळले म्हणून सोयरीक जुळत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की जुन्या गाडीला तिच्याच मापाचा, तिच्याच घडणीचा, पण कालपरवा बनलेला टायर हवा. आणि तो इथे सहज मिळायला हवा. इथे मालकांवरचा माझा राग थोडा कमी होतो, आणि जो उरतो तो वरच्यांकडे वळतो.

सरकारने २०२१ च्या जुलैत जुन्या गाड्यांसाठी नियम केले, चांगले केले. पन्नास वर्षांवरची गाडी विंटेज, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांची मुदत, रोजच्या वापराला आणि धंद्याला मनाई. गाडी मूळ रूपात हवी असे त्यात म्हटले आहे, आणि मोठा फेरबदल कशाला म्हणायचे तेही सांगितले आहे: चेसिस, बॉडी, इंजिन. टायरचे नाव नाही! म्हणजे 'मूळ' हा शब्द वापरणाऱ्या सरकारलाही टायर मूळचाच हवा असे वाटले नाही, ते फक्त आमच्या हौशी लोकांना वाटते. (आणि धंद्याला मनाई असताना गाडी वरातीला भाड्याने येते कशी, हे मी त्या दिवशी विचारले नाही. आपलाच मांडव होता. चूक माझीही.)

पण हेच सरकार दुसऱ्या हाताने काय करते? टायरला आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे करणारा आदेश २००९ चा. हेतू योग्य, भिकार टायर येऊ नयेत. मग २०२० च्या जूनमध्ये मोटारींपासून सायकलीपर्यंतचे नवे टायर मुक्त आयातीतून काढून परवान्याच्या यादीत टाकले. तोही हेतू समजतो, इथले कारखाने जगावेत. पण हे नियम जहाज भरून टायर आणणाऱ्यांना समोर ठेवून केलेले. चार टायर आणि एक स्टेपनी मागवणाऱ्या माणसाला त्याच रांगेत उभे केले तर तो काय करेल? घरचे जुने टायर पॉलिश करेल. आणि तेच तो करतो. ज्याच्यापाशी 'व्हीए'ची नोंदणी आहे त्याला त्याच्या गाडीच्या मापाचे पाच टायर, दहा वर्षांतून एकदा, कमी कागदांत आणू द्या. कोणता देशी कारखाना त्याने बुडणार आहे? हे माप इथे बनतच नसेल तर स्पर्धा कुणाशी?

आणि बनत का नाही? हुन्नर नाही म्हणावे तर डनलॉपने बंगालमध्ये साहागंजला १९३६ मध्ये टायर बनवायला सुरुवात केली, सिएट १९५८ पासून भांडुपला होती. इथून तासा-दीड तासावर चाकणला ब्रिजस्टोनचा कारखाना आहे. मोटारींतून क्रॉस-प्लाय गेला तरी देशातून गेलेला नाही. ट्रॅक्टरला आहे, ट्रॉलीला आहे, मोटारसायकलला आहे. 'विघ्नहर' कारखान्याकडे ऊस घेऊन जाणाऱ्या बैलगाड्यांना टायरच असतात, आणि कुठल्याही कंपनीचे असोत, लोक त्यांना डनलॉपच म्हणतात. संभाजीनगरजवळ वाळूजला बालकृष्ण इंडस्ट्रीजचा कारखाना आहे, त्यांचे शेतीचे आणि खाणीतले टायर युरोप-अमेरिकेत जातात, हजारो मापांत. थोड्या थोड्या संख्येत नाना मापे काढायची विद्या आपल्याच लोकांपाशी आहे. मग वालचंद हिराचंद यांच्या कंपनीने कुर्ल्यात ज्या फियाट काढल्या त्यांच्या मापाचे टायर वर्षातून एकदा, आगाऊ पैसे घेऊन, कुणी ओतले तर घेणारे मिळणार नाहीत का? पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर गेली. तेव्हा पेपरांतून अश्रूंचे पाट वाहिले. त्यातले चार थेंब साच्यात पडले असते तर बरे झाले असते.

आता शेवटचा आक्षेप, जो माझ्या सख्ख्या मुलाने फोनवर घेतला. "नाना, श्रीमंतांचे चोचले आहेत, तुम्ही कशाला शक्ती घालवता?" चोचले असतील. पण बाबा रे, ही गाडी श्रीमंताच्या गॅरेजात उभी असते तोवर त्याची. रस्त्यावर आली की ती माझी, तुझी आणि त्या दुधवाल्याचीही. कोल्हापूरला दसऱ्याला महाराजांची मेबॅक निघते तेव्हा ती बघायला कोण जमते? सगळे गाव जमते. गर्दी जवळ येते ती चाक धड आहे हे धरूनच. आणि चोचलेच करायचे तर पूर्ण करा की! गाडीच्या रंगावर लाखो रुपये घालता, लेदरच्या सीटा शिवून घेता, मडगार्डला क्रोम चढवता, हे सगळे नवेच असते ना? तिथे ड्युप्लिकेट आठवत नाही. रस्त्याला टेकणारे तळहाताएवढे चार तुकडे, ज्यांच्यावर जीव, तिथेच नेमके ओरिजिनल आठवते. पैसे वाचवायचे असतील तर तसे म्हणा. कंजूषपणाला वारसा म्हणू नका.

असो. आवाज चढला. मालक माणूस वाईट नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून माफी मागितली, भाडेही परत केले.

येत्या मार्गशीर्षात मेहुण्यांच्या नातीचे लग्न आहे आणि तिला तीच लाल एम.जी. हवी आहे. मुलगी हट्टी, आजोबा तिच्या मुठीत. मालकांनी मला फोन केला, "गुरुजी, टायर बदलले. नवे, तीच नक्षी, तेच माप." कुठून आणले ते मी विचारले नाही. म्हटले, साइडवॉलचे फोटो पाठवा, आकडे दिसतील असे. चारही आले. चार-चार आकडे आहेत, मी भिंग लावून वाचले. पण टी.डी.ला मागे, टाकीवर, सगळ्यांना दिसेल अशी स्टेपनी असते. तिचा फोटो अजून आलेला नाही.